मोठ्या चौकात उघडलेली पिशवी

स्टॉकहोमला जाऊन आले हे मी आमच्या नॉटिंगहॅमच्या मंडळात फारसं कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, "छान. थंडी फार." एवढ्यावर लोकांचं समाधान होतं, कारण थंडीबद्दल बोलायला इथे सगळ्यांनाच आवडतं. पण एका मैत्रिणीने परवा फोटो बघायला मागितले. चौकातला तो एक फोटो आला तेव्हा मी घाईने पुढचा लावला आणि ती म्हणाली, "अगं थांब, किती सुंदर आलाय!" त्या दिवसापासून वाटतंय की सगळंच लिहून टाकावं. शहर तर सांगण्यासारखं आहेच. आणि चौकात माझ्या हातून जे झालं, ते टाळून त्या शहराबद्दल मला एक ओळही लिहिता येत नाही.

मी इथल्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डवर नर्स आहे. सांगलीहून लग्न होऊन आले, त्याला आता अर्धं आयुष्य होऊन गेलं. डिसेंबरात मला साठ वर्षं पूर्ण झाली. माझी मुलगी रेवा बर्मिंगहॅमला फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा जन्म इथलाच. मराठी बोलते, पण नपुंसकलिंग आणि स्त्रीलिंग यांच्याशी तिचं कधी पटलं नाही. तिने वाढदिवसाला मँचेस्टर ते स्टॉकहोमची तिकिटं हातात ठेवली. "आई, फक्त तू आणि मी. बाबाचा गुडघा घरी राहील, with बाबा." यांनीही आनंदाने मान डोलावली, कारण क्रिकेट चालू होतं.

शुक्रवार

दुपारी तीन वाजता विमानतळावरून शहरात आलो तर दिवेलागण झालेली. इंग्लंडच्या हिवाळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बघावं. पण या अंधारावर त्या लोकांनी उपाय शोधलाय. प्रत्येक खिडकीत दिव्यांची एक छोटी कमान किंवा कागदाची चांदणी. पडदे उघडेच. रस्त्याने चालताना लोकांची स्वयंपाकघरं, पुस्तकांची कपाटं, भांडी घासणारा नवरा, सगळं दिसतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी चार वाजता पहिलं काम पडदे ओढायचं.

आमचं गेस्टहाउस एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दारातच पाटी, बूट काढा. मी रेवाकडे विजयाने बघितलं. नॉटिंगहॅममध्ये बॉयलर बघायला आलेल्या माणसाला बूट काढायला सांगताना माझा जीव कसानुसा होतो आणि इथे गोरी माणसं मोज्यांवर फिरत होती.

कोपऱ्यावर बेकरी होती. दार उघडलं आणि मी जागीच थांबले. वेलदोडा! नावापुरता नव्हे, घरी श्रीखंड घोटताना येतो तसा दणदणीत वास. गाठ मारलेल्या बनांवर जाडसर कुटलेला वेलदोडा आणि साखर. शेजारच्या परातीत केशराचे पिवळेधमक बन, मनुका टोचलेले. रेवा म्हणाली, "आई, it's literally श्रीखंड. पण ब्रेड." मी रांगेत उभी राहिले. म्हणजे मला वाटलं ती रांग आहे. एक बाई मागून आली आणि माझ्या पुढे जाऊन बन घेऊन गेली. मग एक मुलगा. मग आणखी एक बाई. मी रेवाला म्हटलं, "बघ, आपण दिसतच नाही यांना. इथेही तेच." माझा चेहरा चांगलाच उतरला असणार, कारण एक म्हातारी माझ्याजवळ आली, माझा दंड धरून मला दाराशी घेऊन गेली आणि तिथल्या छोट्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. रांग नसते, नंबर असतो. आम्ही दोघी खूप हसलो. मी किती पटकन लोकांबद्दल मत बनवून टाकलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. बन मात्र अप्रतिम होता.

शनिवार

जुन्या शहराला ते गाम्ला स्तान म्हणतात. एका छोट्या बेटावर ते वसलंय. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला टेकायचं. फरसबंदी दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि मी रेवाचा हात धरून बदकासारखी चालत होते. असं वर वर चढत गेलं की एकदम गल्ली संपते आणि मोठा चौक समोर येतो. लिहितात स्टोर्टोर्गेट, म्हणतात स्तूरतोर्येत, अर्थ काय तर मोठा चौक. गंमत म्हणजे तो मोठा नाहीच. नॉटिंगहॅमचा आमचा काउन्सिल हाउससमोरचा चौक याच्या कितीतरी पट असेल. पण इथे तीन बाजूंना चिकटून उभी असलेली उंच, निमुळती घरं. एक विटकरी लाल, एक मोहरीच्या रंगाचं, एक हिरवट. लाल घरावर पांढरे दगड बसवलेत. चौथ्या बाजूला जुन्या शेअरबाजाराची भारदस्त इमारत, मधोमध दगडी विहीर, आणि सगळा चौक एका बाजूला किंचित उतरता.

एक गाइड बाई तिच्या घोळक्याला इंग्रजीत सांगत होती, आम्हीही जरा फुकट ऐकलं. पाचशे वर्षांपूर्वी एका राजाने इथे सरदारांची आणि बिशपांची मुंडकी उडवली होती. पुढे बराच काळ इथे एक खांब होता. चोर, लबाड, भांडखोर बायका, ज्यांना शिक्षा व्हायची त्यांना त्याला बांधून ठेवत. येणारेजाणारे बघत. "शिक्षा तीच होती," गाइड म्हणाली, "लोकांनी बघणं."

आता तिथे नाताळचा बाजार भरला होता. लाल रंगाच्या लाकडी टपऱ्या, लोकरीचे मोजे, मोहरीच्या बरण्या, धुरावलेलं मांस, आल्याची पातळ बिस्किटं. आम्ही ग्लग घेतला. बिनदारूचा मागितला. छोट्या पेल्यात गरम, गोड, लवंग-दालचिनीचा, तळाशी बदाम आणि मनुका. सर्दीचा काढा कुणी लाडाने केला तर असा होईल.

विहिरीच्या पायरीवर बसून आम्ही तो पीत होतो. रेवाचा हात लांब करून सेल्फी काढायचा प्रयत्न चालला होता. पलीकडे उभा असलेला एक माणूस पुढे आला. वयस्कर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, डोक्यावर राखाडी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. कृष्णवर्णीय. लिहिताना मी कृष्णवर्णीय लिहिते आहे. मनात तेव्हा वेगळा शब्द होता, आपल्या घरांतून सर्रास वापरतात तो.

"मी काढू का?" त्याने विचारलं. रेवाने फोन दिला. त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमची हँडबॅग मधे येतेय. हलवू का?" मी मान हलवली. त्याने माझी बॅग उचलून विहिरीच्या कडेला, माझ्या मागे ठेवली. दोन-तीन फोटो काढले, फोन परत दिला, टोपीला हात लावला आणि टपऱ्यांकडे गेला. फोटो खरोखरच सुंदर आला आहे. मी त्यात मनापासून हसते आहे.

पेले परत द्यायला उठलो तेव्हा सवयीने मी बॅगचा आतला कप्पा चाचपला. परदेशात गेलं की मी तासातासाला तो चाचपते. त्यात माझ्या आणि रेवाच्या पासपोर्टची कापडी पिशवी असते. कप्पा रिकामा होता. मी पायरीवर सगळी बॅग उपडी केली. पिशवी नव्हती.

"रेवा, पासपोर्ट गेले."

"काय? आई, नीट बघ."

"गेले. त्या माणसाने बॅग उचलली होती ना, मघाशी."

"Are you sure? आई, त्याने नुसता हलवला तो बॅग."

"माझ्या पाठीमागे ठेवली त्याने. मला कुठे दिसत होतं काय केलं ते? दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही."

रेवा माझ्यावर विश्वास ठेवत होती, हे मला इथे नोंदवायलाच हवं. ती एरवी माझी शिकवणी घेणारी मुलगी. आपली माणसं कशी बोलतात, कुणाबद्दल काय शब्द वापरतात, यावर आमचे जेवणाच्या टेबलावर किती वाद झालेत. पण त्या क्षणी तिची आई ठाम होती.

तो मोहरीच्या टपरीपाशी होता. मी ओरडले. "एक्स्क्यूज मी! थांबा! त्याला थांबवा!" माझा आवाज वॉर्डच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा आवाज आहे. चौकात त्या क्षणापर्यंत कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं. सगळी डोकी वळली. बाजारात फिरणारे दोन पोलीस, एक तरुण बाई आणि एक दाढीवाला, तिथेच होते. ते आले. पोलीसबाईने विचारलं, "कोण?" मी बोट दाखवलं. "तो ब्लॅक माणूस. राखाडी टोपीवाला. त्याने माझी बॅग हाताळली आणि आता पासपोर्ट नाहीत."

मी हे इंग्रजीत म्हणाले, त्यामुळे त्याला कळलं. सगळ्यांनाच कळलं.

तो चालत आमच्याकडे आला. पळाला नाही, रागावला नाही. पोलीसबाईने अगदी सौम्यपणे त्याला काय झालं ते सांगितलं आणि म्हणाली, "आपण जरा बाजूला जाऊन बोलू या का?"

"बाजूला कशाला?" तो म्हणाला. "या बाईंनी इथे ओरडून सांगितलं. मग इथेच बघा."

त्याने आधी खिशातून स्वतःचा पासपोर्ट काढून दिला. ब्रिटिश. "डर्बीला राहतो. मुलीला भेटायला आलो होतो," तो म्हणाला. डर्बी! आमच्या बाजूचंच गाव. आमच्या हॉस्पिटलात डर्बीचे पेशंट येतात. आता मी त्याचे उच्चार ऐकले. आमच्या बसमधले, आमच्या सुपरमार्केटमधले उच्चार. मघाशी फोटो काढताना ते माझ्या कानावर पडलेच नव्हते.

मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, विहिरीच्या पायरीवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. मोहरीची बरणी. घडी केलेलं वर्तमानपत्र. लोकरीचे लहान हातमोजे, नव्या चिठ्ठीसकट. चष्म्याची डबी. रुमालात गुंडाळलेला अर्धा बन. एकेक वस्तू ते ओळीत मांडत होते, दुकान मांडावं तसं. लोक अर्धवर्तुळ करून उभे होते. मग त्यांचा हात पिशवीत थांबला. अगदी क्षणभर. पोलीसबाई म्हणाली, "सर, पुरे." पण त्यांनी तेही काढलं आणि बरणीशेजारी ठेवलं. पुरुषांसाठीच्या पॅडचं फोडलेलं पाकीट.

ते काय आहे हे त्या घोळक्यात किती जणांना कळलं, मला माहीत नाही. मला कळलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही, महिनोन् महिने लागतात ती. मीच पेशंटना ती समजावून सांगते, आवाज खाली आणून, पलंगाभोवतीचा पडदा आधी पूर्ण ओढून घेऊन. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी तेच शिकवते. इंजेक्शन नंतर, आधी पडदा. आणि इथे भर चौकात मी एका माणसाला त्याचं ते पाकीट दगडावर मांडायला लावलं होतं. एक बाई मान वाकडी करून नीट बघत होती. कुणीतरी फोन वर धरला होता.

"काही नाहीये," पोलीसबाई म्हणाली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुमची चूक झालेली असू शकते का?"

"असू शकते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

ते गृहस्थ खाली वाकून वस्तू परत भरायला लागले. वाकताना त्यांना त्रास होत होता, एक हात पायरीवर टेकत होते. मदत करावी म्हणून मी नकळत थोडी पुढे झाले आणि कमरेत मागे काहीतरी टोचलं. मी स्वेटरवरून हात लावला.

पासपोर्टची कापडी पिशवी. सकाळी रेवाच म्हणाली होती, बाजारात खिसेकापू असतात, आज अंगावर बांध. मी तेव्हा नको म्हटलं आणि नंतर निघताना तिला न सांगताच नाडीने ती कमरेला बांधली होती, स्वेटरच्या आत. वाटेतल्या एका कॅफेच्या बाथरूममध्ये पुढे टोचते म्हणून मागे सरकवली होती. आणि सवय मात्र हँडबॅगचीच राहिली.

त्याच क्षणी त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

बोलायला एवढीच वेळ होती. पोलीस होते, घोळका होता, ज्या लोकांनी आरोप ऐकला तेच सगळे अजून तिथे उभे होते. मी तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगू शकले असते की सापडले, माझ्याकडेच होते, या माणसाची काही चूक नाही. मी स्वेटर खाली ओढला आणि दुसरीकडे बघितलं.

ते टोपी नीट करून गर्दीतून निघून गेले. लोक पांगले. पोलिसांनी रेवाला तक्रार कुठे करायची ते सांगितलं.

पुढचा तास मला आठवायला नको वाटतो. रेवा एका कमानीखाली उभी राहून गोठलेल्या बोटांनी वकिलातीचा नंबर शोधत होती. शनिवार, बंद. ती तातडीच्या नंबरवर कुणाशी तरी बोलत होती, जन्मतारखा सांगत होती आणि मधेच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "आई, don't worry. मी करतो सगळं." तिचा हात त्या पिशवीच्या वर, जेमतेम वीतभर वर फिरत होता. मी म्हटलं, "आधी खोलीत जाऊन बघू या. कदाचित तिथेच राहिली असेल."

गेस्टहाउसला आल्यावर मी बाथरूममध्ये गेले, नाडी सोडली, बाहेर येऊन सूटकेसमध्ये हात घातला आणि पिशवी शोधून काढल्याचं नाटक केलं. रेवा किंचाळली, मला मिठी मारली, हसली, पलंगावर आडवी पडली. मग हसणं हळूहळू थांबलं आणि ती उठून बसली.

"मग तो माणूस..."

मी सूटकेस आवरायला लागले.

"आई, त्याने सगळा सामान काढला. For nothing."

"हो गं."

"आपण त्याला शोधायला पाहिजे."

"एवढ्या शहरात कुठे शोधणार?" मी म्हटलं. रात्रीच्या जेवणाला आम्ही वाटाण्याचं दाट सूप घेतलं. चांगलं होतं म्हणे. रेवाने दोन वेळा सांगितलं, चांगलं आहे.

रविवार

सकाळी मी जागी झाले तेव्हा रेवा कोट घालून तयार होती. आम्ही पुन्हा त्या चौकात गेलो. रात्री बर्फ पडला होता. विहिरीच्या पायऱ्या पांढऱ्या, कोऱ्या झाल्या होत्या. टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. मोहरीवाल्या बाईला रेवाने विचारलं, काल तो राखाडी टोपीवाला माणूस... बाईने आमच्याकडे नीट बघितलं. तिने आम्हाला ओळखलं. "नाही," ती म्हणाली, "आज आले नाहीत." आणि बरण्यांची मांडणी करायला लागली.

आम्ही दुपारपर्यंत चौकाभोवती फिरलो. एक राखाडी टोपी दिसली की रेवा पुढे धावायची. प्रत्येक वेळी तो दुसराच कुणी असायचा आणि प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडायचा. मुलगी माझ्यासाठी त्याला शोधत होती आणि मी मनात म्हणत होते, न सापडो.

दुपारी बोटीने आम्ही पलीकडच्या बेटावर गेलो. पाण्यावर बर्फाचे तुकडे बशांसारखे तरंगत होते, बोट त्यांतून करकर आवाज करत जात होती. मागे वळून बघितलं तर जुनं शहर गुलाबी उजेडात उभं होतं. इतकं सुंदर दृश्य मी फार कमी पाहिलंय. रेवाने फोटो काढू का विचारलं. मी नको म्हटलं.

परतताना

सोमवारी विमानतळावर गेटपाशी बसायला जागा शोधत होतो आणि रेवाने माझी बाही ओढली. "आई. तो."

खिडकीच्या कडेच्या खुर्चीत ते बसले होते. टोपी मांडीवर, हातात वर्तमानपत्र, पायाशी ती कापडी पिशवी. मँचेस्टरचं विमान. डर्बीच्या माणसाने दुसऱ्या कुठल्या विमानाने जावं?

मी म्हणाले, "रेवा, राहू दे. कदाचित त्यांना पुन्हा तो विषय नको असेल."

"चल," रेवा म्हणाली. तिने मला हात धरून नेलं, मी तिला लहानपणी डेंटिस्टकडे न्यायचे तसं.

"एक्स्क्यूज मी," ती म्हणाली, "परवा, चौकात... ते आम्ही होतो. आमचे पासपोर्ट नंतर हॉटेलमध्ये सापडले. आम्हाला खूप, खूप वाईट वाटतंय. आम्ही काल तुम्हाला शोधायला पण गेलो होतो."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. रेवाचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हॉटेलमध्ये?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. रेवाने वाक्य तयारच करून ठेवलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. पण ते परवा जसे बघत होते तसेच बघत होते आणि दुसऱ्यांदा मला दुसरीकडे बघता आलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या अंगावरच होते. स्वेटरच्या आत. तुम्ही पिशवी भरत होतात तेव्हाच मला कळलं."

रेवाने माझा हात सोडला.

"तेव्हा मी वर बघितलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलणार. आणि तुम्ही स्वेटर खाली ओढलात."

"हो."

"हं."

"मला माफ करा. मी नर्स आहे, मला माहीत आहे..." मी तिथेच थांबले. नशिबाने थांबले. आजूबाजूला माणसं बसली होती आणि मी पुन्हा तेच करायला निघाले होते.

"तुम्ही येऊन सांगितलंत, ते मी ऐकलं," ते म्हणाले. "यापेक्षा जास्त आज माझ्याकडून होणार नाही. आता मला पेपर वाचू द्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

विमानात रेवा खिडकीकडे तोंड करून बसली. समुद्र संपून ढग लागले. चहा आला, तिने माझ्यासाठी दूध मागून घेतलं आणि कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "तू मला पण सांगितला नाही."

"नाही."

"मी embassy ला फोन करत होतो. तू बघत होतास."

"हो."

"का? पोलिसांची भीती वाटला?"

"नाही गं. लाज वाटली. इतके लोक बघत होते."

तिने यावर बराच विचार केला. तिला मराठीत विचार करताना वेळ लागतो.

"पण आई," ती म्हणाली, "लोक तर त्याला बघत होते."

 

मँचेस्टरला पाऊस होता. रेवा कार पार्कच्या तिकिटाचं यंत्र शोधायला पुढे गेली आणि मी बॅगा घेऊन आगमनाच्या दाराशी उभी राहिले. ते गृहस्थ बाहेर आले. रेलिंगपाशी एक ठेंगणी बाई जांभळा रेनकोट घालून उभी होती. त्यांना बघून तिचा सगळा चेहरा उजळला. "रॉय!" तिने हाक मारली. तेव्हा मला त्यांचं नाव कळलं. तिने त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली, गालाला हात लावून बघितला आणि त्यांच्या खांद्यावरून तिची नजर माझ्यावर पडली. एकाच विमानातून आलेल्या अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी ती हसली.

"फार थंडी होती का हो तिकडे?" तिने मला विचारलं.

रॉयनी मागे वळून बघितलं. आता ते सांगतील, मी वाट बघत होते. त्यांनी सांगितलं नाही.

"हो," मी म्हणाले, "खूप."

"मी यांना सांगत होते, मफलर न्या म्हणून," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. "आणि बाजार? तो नाताळचा बाजार बघितलात ना? कसा होता?"

रॉयनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"छान होता," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून दाराकडे निघाले.